शोभाताईंचा शेरा

शोभाताई, रविवारी दिघीला, तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला उभं केलं. वंदना झाली होती, तुमच्या गल्लीतल्या बायका बोलून झाल्या होत्या, आणि प्रज्ञानं माझं नाव घेतलं. आईबरोबर लॅबमध्ये काम करणारे बालाजी सर, अशी ओळख करून दिली तिनं. पांढऱ्या कपड्यांतली एवढी माणसं माझ्याकडे बघत होती. तुम्ही फार कष्टाळू होता आणि तुमच्याकडून मी पुष्कळ शिकलो, एवढं म्हणून मी खाली बसलो. दोन्ही वाक्यं खरी होती. पण जे बोलायचं ठरवून गेलो होतो, ते त्यांत नव्हतं.

कष्टाळू हा शब्द तुम्हाला आवडला नसता. कंपनीच्या वर्धापनदिनाला कुणीतरी स्टेजवरून तुम्हाला तसं म्हणालं, तेव्हा खुर्चीवर बसल्या बसल्या तुम्ही मला हळूच सांगितलंत की बाईच्या डोक्याबद्दल काही बोलायचं नसलं की लोक तिच्या कष्टांबद्दल बोलतात. मी तेव्हा हसलो होतो. रविवारी मीही तेच केलं.

आपण काय बनवतो हे तुमच्या शेजाऱ्यांना कधी नीट कळलं नाही. कुणी विचारलं तर तुम्ही म्हणायचात, "मी पाणी चाळते." त्याहून चांगली व्याख्या मला अजून सुचलेली नाही. पेन्सिलीत असतं ते ग्रॅफाइट आम्लात टाकून त्याचे थर सुटे करायचे, मग धुऊन धुऊन आम्ल काढून टाकायचं. शेवटी उरतं ते गडद तपकिरी पाणी, आणि त्यात ग्राफीन ऑक्साइडचे पापुद्रे. जाडीला नसल्यातच जमा, एखाद्या अणूएवढे. रुंदी मात्र एकेकाची निराळी. काही इतके बारीक की साध्या मायक्रोस्कोपला सापडत नाहीत, काही त्यांच्या शंभरपट मोठे. ज्याला मोठे हवेत त्याला बारीक नको असतात, आणि ज्याला बारीक हवेत त्याच्याकडे मोठे गेले तर माल परत येतो. म्हणून ते निवडून वेगळे करायचे. सेंट्रीफ्यूजमध्ये गरगर फिरवलं की मोठे आधी तळाला बसतात, बारीक वरच्या पाण्यात राहतात. किती वेगानं फिरवायचं, किती वेळ, केव्हा थांबायचं, हे सगळं तुमच्या हातात होतं.

मी चाकणच्या त्या शेडमध्ये पहिल्या दिवशी आलो तेव्हा तुम्ही खिडकीपाशी उभ्या होता. सकाळच्या उजेडात एक बीकर गळ्याशी धरून तुम्ही त्याला अर्धा हिसका दिलात आणि आतलं पाणी फिरताना बघत राहिलात. मी विचारलं, काय बघताय. तुम्ही बीकर माझ्या हातात दिलात. तपकिरी पाण्यात रेशमासारखी झाक हलत होती, घड्या पडत होत्या, मोडत होत्या. मोठे पापुद्रे असले की असं दिसतं, तुम्ही सांगितलंत. ते पाण्याबरोबर एका दिशेनं वळतात. बारीक असले की पाणी नुसतं चहासारखं फिरतं. मी एमएस्सीला याच पदार्थावर प्रबंध लिहिला होता. ही झाक का दिसते याचं अर्धं पान स्पष्टीकरण मला पाठ होतं. पण बीकर उजेडात धरून ती बघावी, हे मला कधी सुचलं नव्हतं.

त्या दिवशी मात्र मी मनात म्हणालो की बारावी सायन्स झालेल्या बाई आहेत, अनुभवानं काहीबाही शिकल्या आहेत. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही ते ओळखलं असणार.

माझा विश्वास होता तो लेझरच्या यंत्रावर. थेंबभर पाणी आत टाकलं की दोन मिनिटांत ते पापुद्र्यांचा सरासरी आकार सांगायचं. ते कसं मोजतं असं तुम्ही विचारलंत, तेव्हा मी मोठ्या हौसेनं समजावलं: कण पाण्यात किती जोरानं थरथरतो ते यंत्र बघतं, तो गोल आहे असं धरून चालतं आणि त्यावरून माप काढतं. तुम्ही ऐकून घेतलंत. दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता म्हणालात, "चपाती केवढी आहे ते लाडवाच्या मापानं कसं सांगणार, सर?"

मी काहीतरी उत्तर दिलं. तुलना करायला चालतं, सगळं जग हेच यंत्र वापरतं, असं काहीसं. तुम्ही मान हलवलीत आणि मला तुमच्या डब्यातली वांग्याची भाजी वाढलीत. ते भांडण पुढे कधी मिटलं नाही. सरासरीवरून तर तुम्ही मला कितीदा छळलंत. गव्हात चार खडे असले तरी सरासरी गहूच येणार, पण दाताखाली येतो तो खडा, हे तुमचं ठरलेलं वाक्य.

मी उदगीरकडचा. घाईत असलो की माझ्या तोंडून "करायलोय ताई, करायलोय" असं निघायचं. पहिल्यांदा ते ऐकलंत तेव्हा तुम्ही खुर्चीत बसून पोट धरून हसलात, आणि दिवसभर सगळ्यांना तसंच उत्तर देत राहिलात. सेंट्रीफ्यूज लावलं का? लावायलेय. त्या दिवसापासून मी तुमच्यासाठी सर राहिलो नाही. बालाजी झालो, आणि तुम्हीचा तू झाला. घरापासून एवढ्या लांब मला तू म्हणणारं तोवर कुणी नव्हतं.

रविवारी जे बोललो नाही, ते आता सांगतो.

चाकणलाच एक रंगाची कंपनी आपल्याकडून बारीक पापुद्र्यांचा माल घेऊ लागली होती. गाड्यांच्या सुट्या भागांना गंज लागू नये म्हणून पहिला हात मारतात त्या प्रायमरमध्ये ते तो घालायचे. बारीक पापुद्रे असले तर रंग सपाट बसतो. मोठे आले तर भट्टीतून निघाल्यावर त्यावर दाणे उठतात. त्या सकाळी गाडी गेटवर येऊन उभी होती. तुम्ही बीकर खिडकीशी नेलात, फिरवलात, पुन्हा फिरवलात, आणि मला बोलावलंत. पाण्यात एक बारीकशी झाक होती, एखादा धागा हलावा तशी. मोठे अजून आहेत, तुम्ही म्हणालात, आणखी एकदा फिरवावं लागेल, अर्धा दिवस दे. माझ्या टेबलावर यंत्राचा रिपोर्ट होता. सरासरी मर्यादेच्या कितीतरी आत होती. मी म्हणालो, माल जाऊ दे.

तुम्ही वाद घातला नाहीत. बॅचच्या वहीत शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंत: मोठे पापुद्रे दिसतात, पुन्हा फिरवावे. खाली सही केलीत आणि जेवायला गेलात.

मी वही वाचली. पुढच्या महिन्यात त्या कंपनीचे लोक तपासणीला येणार होते. त्यांनी हे वाचलं तर काय म्हणतील, हा एवढाच विचार माझ्या डोक्यात आला. ऑफिसच्या ड्रॉवरमधून व्हाइटनर आणला, तुमच्या ओळीवर फिरवला, फुंकर मारून वाळवला आणि वर लिहिलं, ओके. ओके लिहायला कुणाचं खास अक्षर लागत नाही. खाली तुमची सही होती तशीच राहिली. तुम्ही परत आलात तेव्हा वही कपाटात होती आणि गाडी गेलेली होती.

आठवड्याभरानं त्या कंपनीचा माणूस रंगवलेला पत्रा घेऊन आला. हात फिरवला तर रवा पसरल्यासारखा लागत होता. त्यांची एक अख्खी खेप परत आली होती. मालकांनी सगळ्यांना लॅबमध्ये बोलावलं, वही मागवली आणि ते पान काढलं. व्हाइटनर लांबूनसुद्धा दिसत होता. आपल्याकडे वहीत व्हाइटनर चालत नाही, चुकलं तर एक रेघ मारून सही करायची, हा नियम भिंतीवर चिकटवलेला होता. मालकांनी विचारलं, हे कुणी केलं. रकाना तुमचा, सही तुमची. त्यांनी तुमच्याकडेच बघून विचारलं.

"साहेब, मी व्हाइटनर वापरत नाही," तुम्ही म्हणालात. "मागची सगळी पानं बघा."

मग तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागानं नाही. दार उघडून धरावं आणि मागच्या माणसाची वाट बघावी, तसं. मी पत्र्यावरचे दाणे बघत राहिलो. मला कायम केल्याचं पत्र त्याच आठवड्यात यायचं होतं. कारण सांगायचं तर एवढंच आहे, आणि एवढ्या वर्षांत त्याहून मोठं कारण मला सापडलेलं नाही.

मालकांनी मागची पानं उलटली नाहीत. तुम्हाला दुसऱ्या दिवसापासून धुलाईत पाठवलं.

धुलाई म्हणजे काय हे मी तुम्हाला काय सांगणार? रबरी हातमोजे कोपरापर्यंत, पण आम्लाचा वास मोज्यांतून, साडीतून, केसांतून घरी जायचा. टब भरायचे, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी काढायचं, पुन्हा भरायचं. तुमच्या बोटांची सालं निघायची. पहिल्याच दिवशी मी तिकडे गेलो आणि नवे हातमोजे देऊ केले. तुम्ही ते घेतलेत. म्हणालात, "थँक यू, सर. तुम्ही कशाला आलात इकडे?"

सर. तुम्ही.

आठ महिने तसे गेले. लॅबमध्ये तुमच्या जागी नवा ऑपरेटर आला. तो बीकर खिडकीशी नेत नसे, यंत्र जे म्हणेल ते लिहायचा. मीच गुपचूप बीकर फिरवून बघायला लागलो, आणि झाक दिसली की माल पुन्हा फिरवायला लावायला लागलो. एकही खेप परत आली नाही. मालक म्हणाले, तुमची नजर तयार झाली, बालाजी. मी गप्पच बसलो. गप्प बसायची मला सवय लागली होती.

मग एक दिवस तुम्ही लॅबच्या दारात आलात. हातात दोन बाटल्या होत्या, दोन्हींवर चिठ्ठ्या. तुम्ही आत आला नाहीत, उंबऱ्यातूनच बोललात. टब धुताना आम्ल पुरतं गेलेलं नसतं असा एक टप्पा येतो, तेव्हा काही गाळ आपोआप खाली बसतो आणि काही वरच राहतो. खालचा फिरवला तर झाक येते, वरचा फिरवला तर येत नाही. तुम्ही महिनाभर रोज बघत होता. आंबटपणा किती असला की हे होतं, तेही पट्टी बुडवून लिहून ठेवलं होतं. तुमचं म्हणणं, मोठे आणि बारीक आपसूक वेगळे होतायत. फिरवायलाच लागणार नाही.

मी बाटल्या उजेडात धरल्या. एकीत रेशीम, एकीत चहा.

मी विचारलं, ताई, हे साहेबांकडे का नाही नेलंत. तुम्ही म्हणालात, "त्यांना बाटली कळणार नाही. तुम्हाला कळेल."

एवढं झाल्यावरही माझ्यातल्या त्या एका गोष्टीवर तुमचा विश्वास होता. कौतुक म्हणून तो मला घेता येईना, आणि टाकताही येईना. आजही तसंच आहे.

पुढचे दोन महिने माझ्या नोकरीतले सगळ्यात चांगले. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास आपण टबांपाशी उभे राहायचो. आम्ल थेंबाथेंबानं वाढवायचं, थांबायचं, बघायचं. असं का होतं ते मी पुस्तकातून शोधून आणलं: पाण्याला धरून ठेवणारे आम्लगट पापुद्र्याच्या कडेला असतात, मोठ्या पापुद्र्याला त्याच्या अंगाच्या मानानं कड कमी, म्हणून पाणी जरा आंबट झालं की तो आधी पाण्याला सोडतो. तुम्ही लगेच म्हणालात, म्हणजे मोठ्या चपातीला कडा कमी. मी म्हणालो, अगदी तसंच. तुम्ही हसलात. आठ महिन्यांनी हसलात. आणि मग लगेच नवं भांडण काढलंत. मोठे खाली बसतात, बारीक वर राहतात, पण मधल्या आकाराचे, ना मोठे ना बारीक, ते आपण पुन्हा टबात ओततो. त्यांना वेगळी बाटली का नाही? मी म्हणालो, मधल्यांना गिऱ्हाईक नाही. तुम्ही म्हणालात, गिऱ्हाईक नंतर येतं, आधी बाटली लागते. तो वाद अजून तसाच आहे, ताई. मला अजूनही वाटतं गिऱ्हाईक मिळणार नाही. आता समोरून कुणी उलट बोलत नाही म्हणून मी जिंकलो असं होत नाही.

त्याच दिवसांतली ती सकाळ. कांद्याच्या गाड्यांनी रस्ता भरला होता, कंपनीची बस जागची हलेना, म्हणून आपण उतरून चालत निघालो. धूळ, हॉर्न, फाटक्या गोण्यांतून पडलेले कांदे. तुम्ही पदर नाकाशी धरला होता. तुमच्यासमोर बोलायचं धैर्य येत नव्हतं, शेजारून चालताना आलं. मी म्हणालो, ताई, त्या दिवशी वहीत...

तुम्ही मला पुढे बोलू दिलं नाहीत.

"ते मला सांगू नका," तुम्ही म्हणालात. "मला ते माहीत आहे. ज्याला माहीत नाही, त्याला सांगा."

आपण गेटपर्यंत चालत गेलो. तुम्ही धुलाईकडे वळलात, मी लॅबकडे. मालकांची केबिन मध्ये होती. दार उघडं होतं, ते आत बसलेले दिसत होते. मी पुढे गेलो.

नवी पद्धत कंपनीत सुरू झाली. मालक खूश झाले, मी कागद तयार केले आणि त्यावर तुमचं नाव माझ्याआधी घातलं. ते त्यांनी काढलं नाही. तुम्हाला लॅबमध्ये परतही आणलं. फक्त एक गोष्ट त्यांनी दिली नाही. वहीत सही करायचा तुमचा अधिकार. ते म्हणाले, शोभाबाई हुशार आहेत, पण वहीच्या बाबतीत मी पुन्हा धोका घेणार नाही.

दोन वर्षं, ताई. दोन वर्षं तुम्ही बीकर फिरवायचात, शेरा तोंडानं सांगायचात, आणि तो माझ्या अक्षरात, माझ्या सहीनं वहीत जायचा. सांगून झालं की मी शब्दन् शब्द लिहितोय का ते तुम्ही वाकून बघायचात. एकदाही काही बोलला नाहीत. मी बोलेन याची वाट बघत होता, की तो विषय तुमच्यापुरता संपला होता, हे मला समजलं नाही. विचारलंही नाही.

मग तुमचं पोट दुखायला लागलं. सुट्टी, तपासण्या, पुन्हा सुट्टी. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा उशीर झालेला होता. पिंपरीच्या दवाखान्यात मी भेटायला आलो त्या दुपारी प्रज्ञा तुमच्या पायाशी बसली होती. तुम्ही इतक्या वाळल्या होता की चादरीखाली माणूस आहे हे कळत नव्हतं. तुम्ही मला कामाचं विचारलंत. मी सांगितलं, रंगाच्या कंपनीनं मागणी वाढवली, एका टबाची गळती काढली, नवी मुलगी बीकर फिरवायला शिकतेय. तुम्ही डोळे मिटून ऐकत होता. मला वाटलं झोप लागली. प्रज्ञा औषध आणायला खाली गेली. तेव्हा डोळे न उघडता तुम्ही विचारलंत,

"सांगितलंस का?"

सांगितलंस. तीन वर्षांनी तुमच्या तोंडून मला पुन्हा तू ऐकू आलं, आणि ते या प्रश्नात. मी म्हणालो, सांगतो, ताई. तुम्ही मान हलवलीत, की उशीवर नुसती वळवलीत, मला नक्की सांगता येत नाही. चार दिवसांनी प्रज्ञाचा फोन आला.

रविवारी दीडशे माणसांसमोर मी कष्टाळू म्हणालो आणि बसलो. रात्रभर जागलो वगैरे काही नाही, घरी जाऊन जेवलो, झोपलोसुद्धा. सोमवारी सकाळी कंपनीत गेलो, रेकॉर्डच्या कपाटातून ती वही काढली आणि मालकांच्या केबिनमध्ये गेलो. ते पान काढून त्यांच्यापुढे ठेवलं. म्हणालो, साहेब, हा व्हाइटनर मी लावला. ताईंनी माल पाठवू नका असं लिहिलं होतं.

त्यांनी वही जवळ ओढली. मग त्यांनी पान उलटं केलं. तुम्ही बॉलपेन दाबून लिहायचात. मागच्या बाजूनं अक्षरं उठलेली होती, उलटी, पण वाचता येत होती. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि हळूहळू वाचलं. पुन्हा फिरवावे. म्हणाले, "मी तेव्हा पान उलटलं असतं तर कळलं असतं."

मी म्हणालो, मी तोंड उघडलं असतं तर पान उलटायची गरज नव्हती.

आता सांगून काय उपयोग, असंही त्यांनी विचारलं. मी म्हणालो, उपयोग काही नाही. ते खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले की आजपासून माल सोडायच्या कागदावर तुमची सही चालणार नाही, बालाजी. नोकरीचं मी विचार करून सांगतो. मी बरं म्हणालो. पानाच्या समासात मी त्यांच्यासमोरच लिहिलं की मूळ शेरा मी खोडला होता आणि तो बरोबर होता. तारीख घातली, सही केली. त्यांनी खाली त्यांची सही केली. मला वाटलं होतं, हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. तुम्ही हयात असताना हे पाच मिनिटांचं काम होतं, एवढंच कळलं.

संध्याकाळी दिघीला गेलो. प्रज्ञा एकटी होती, भेटायला येणाऱ्यांच्या खुर्च्या अजून ओळीनं मांडलेल्या होत्या. मी पहिल्या खुर्चीवर बसलो आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं. व्हाइटनर, पत्रा, धुलाई, सहीचं. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर ती म्हणाली की तुम्ही घरी वेगळंच सांगितलं होतं. लॅबमधल्या एसीत सांधे धरतात, म्हणून मीच धुलाईत जागा मागून घेतली, असं. रोज संध्याकाळी तुम्ही हाताला खोबरेल लावून बसायचात आणि ती तुम्हाला रागावायची, मागून का घेतलंस म्हणून. त्यावर तुम्ही नुसतं हसायचात.

"मी तिला बोलायचे, सर," ती म्हणाली. "तिचं चुकलं म्हणून मी तिला बोलायचे."

मला ते माहीत नव्हतं. माझ्या गप्प बसण्याची झळ या घरात कुठपर्यंत पोहोचली होती, ते त्या खुर्चीवर बसून मला पहिल्यांदा दिसलं. मी माफी मागितली. ती म्हणाली, माफी द्यायला आई पाहिजे होती. मग ती उठली, आत गेली, पाण्याचा नळ सोडल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला. परत आली तेव्हा चेहरा धुतलेला होता.

"आज मला तुम्हाला चहा विचारता येणार नाही," ती म्हणाली.

मी हो म्हणालो आणि उठलो. दारात चपला घालत होतो तेव्हा ती मागे येऊन उभी राहिली. म्हणाली की आई कंपनीत काय करायची ते तिनं आम्हाला कधी धड सांगितलंच नाही, पाणी चाळते म्हणायची. आम्हीही विचारलं नाही. कष्टाचं काम असणार, एवढंच धरून चाललो.

"तुम्ही या पुन्हा," ती म्हणाली. "चहा विचारीन की नाही, माहीत नाही. पण आईचं डोकं कसं चालायचं, ते मला सांगायला या."

मी या रविवारी जाणार आहे, ताई.